जुन्या टू बीएचकेचं रिनोव्हेशन: उक्तं द्यावं की आयटम रेटवर?

कोथरूडची_पूर्वा

नमस्कार मंडळी, आमचा कोथरूडला टू बीएचके आहे, ८८ सालची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूसासरे सोबत आहेत. बाथरूममधून खालच्या काकूंच्या सीलिंगला ओल येते म्हणून त्यांचा रोज फोन, वायरिंग मूळचंच आहे, गीझर लावला की मिक्सर लावायची सोय नाही, ओटा तर विचारूच नका. तर आता एकदाच काय ते सगळं करून घ्यावं असं ठरलंय.

तीन कोटेशनं आलीत. पहिला शेजारच्यांच्या ओळखीतला, तो म्हणतो उक्ते ९ लाख द्या, सगळं आलं त्यात, आणि कोटेशन म्हणजे व्हॉट्सअॅपवर सहा ओळी. ४० टक्के उचल मागतोय. दुसऱ्याने आयटम रेटचं, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहिलेलं चार पानी एक्सेल दिलंय, १२ लाख ४० हजार, जीएसटी वेगळा. तिसरी ती शोरूमवाली कंपनी, थ्रीडी चित्रं फार सुंदर, १५ च्या वर, आणि काम सुरू व्हायच्या आधीच निम्मे पैसे.

घरात सगळ्यांचा कल पहिल्याकडे आहे, कारण "माणूस ओळखीचा आहे". मला ते ९ लाख काही पटत नाहीयेत पण नेमकं काय विचारायचं तेही कळत नाही. शिवाय किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन करायचंय, तिघांपैकी एकानेही "पाडता येणार नाही" असं म्हटलं नाही, हे चांगलं लक्षण आहे का? आणि काम चालू असताना घरात राहता येतं का?

सिव्हिल_काका

पूर्वाताई, शेवटून सुरू करतो. तिघेही भिंतीला लगेच हो म्हणाले हे अजिबात चांगलं लक्षण नाही. ८८ सालची तीन-चार मजली बिल्डिंग आरसीसी फ्रेमची (वजन काँक्रीटच्या कॉलम-बीमवर) असेलच असं नाही, पुण्यात त्या काळातल्या बऱ्याच इमारती लोड बेअरिंग आहेत, म्हणजे स्लॅबचं वजन भिंतीच घेतात. आधी टेप घेऊन त्या भिंतीत दार असेल तिथे जाडी मोजा. प्लास्टरसकट सहा इंचांच्या आसपास भरली तर साडेचार इंची पार्टिशन. दहा-अकरा भरली तर ती ९ इंची भिंत, तिला हात लावायचा नाही, निदान इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तरी नाहीच. आणि पार्टिशन असली तरी वर बीम आहे का, भिंतीवर लॉफ्ट टेकलाय का ते बघायला हवं. भिंत काढल्यावर लॉफ्ट लोंबकळलेला मी पाहिलाय.

सोसायटीची लेखी परवानगी लागते, तोंडी "करा हो" चालत नाही. लायसन्स्ड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पत्र घ्या, त्याची फी एकूण खर्चात कुठे दिसणारही नाही. सोसायटीला विचारा की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला पाहिजे, तुमची तिशी उलटून गेलीय. रिपोर्ट असेल तर तुमच्या इंजिनिअरचं अर्धं काम तिथेच होतं.

आता उक्त्याचं. उक्तं काम वाईट नसतं, पण उक्त्याला यादी लागते. सहा ओळीत "किचन फुल" लिहिलंय ना? त्या फुलमध्ये ट्रॉल्या कुठल्या प्लायच्या? आयएस ३०३ ची एमआर ग्रेड (नुसता दमटपणा सोसणारी) आणि आयएस ७१० ची मरीन (पाण्याला टिकणारी) यात भावाचाही फरक आहे आणि सिंकखाली टिकण्याचाही. नुसतं "आयएसआय प्लाय" लिहिलं असेल तर ग्रेड आणि ब्रँड लिहून घ्या, माल आला की शीटवरचा सीएम/एल (आयएसआय लायसन्सचा) नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. सुतार हसेल, हसू दे.

डोंबिवलीची_मनी

काकांनी भिंतीचं सांगितलं, मी बाथरूमचं सांगते कारण आमच्याकडे त्याच्यावरूनच महाभारत झालं 😅 आमच्या कॉन्ट्रॅक्टरने जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवायची आयडिया दिली होती, धूळ नाही तोडफोड नाही आणि स्वस्त. हॉलमध्ये एकवेळ ठीक आहे (दारं खालून तासावी लागतात तेवढी) पण गळणाऱ्या बाथरूममध्ये ती चालूच शकत नाही कारण गळती लादीच्या खाली असते, आपण वरून नुसतं झाकण घालतो. माझ्या नणंदेने आधीच बजावलेलं म्हणून मी अडून बसले.

व्हायला हवं ते असं. जुनी लादी, खालचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा सगळा काढून स्लॅब उघडा करायचा, जुन्या जीआय (लोखंडी) पाइपांची लाइन बदलून सीपीव्हीसी (प्लास्टिकची) टाकायची, ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जायचं भोक) भोवती नीट भरायचं, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्याला वाटा मारायचा (सिमेंटने गोलाई द्यायची), मग केमिकल कोट, आणि तो नुसता जमिनीला नाही तर भिंतीवर फूटभर तरी वर चढवायचा, शॉवरच्या बाजूला अजून वर. त्यानंतर ट्रॅपला बूच मारून पाणी भरून ठेवायचं दोन-तीन दिवस, आणि रोज खालच्यांकडे जाऊन सीलिंग बघायचं. हे पाणी भरून ठेवणं आमच्या माणसाला एका रात्रीत उरकायचं होतं, "ताई झालं ना टेस्ट". नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी खालच्या सीलिंगला हाताएवढा ओला डाग, ट्रॅपपाशीच. तेव्हा लादी लागलेली नव्हती म्हणून अर्ध्या दिवसात मिटलं.

अजून एक, लादी बसल्यावर एका रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक लादीच्या चारही कोपऱ्यांवर ठोकून बघा, पोकळ आवाज आला की खडूने फुली मारायची आणि त्या लाद्या काढून परत बसवायला लावायच्या, पेमेंटच्या आधी. आणि बादलीभर पाणी ओतून ढाळ बघा, ट्रॅपकडे जातंय की दाराकडे. सासूसासरे आहेत तर लादी अँटीस्किडच घ्या आणि कमोडशेजारी धरायला बार लावायचा असेल तर भिंत उघडी असतानाच सांगून ठेवा.

घरात राहायचं म्हणता? एकच बाथरूम असेल तर विसरा. दोन असली तरी धूळ बघता सासऱ्यांना खोकला वगैरे असेल तर महिनाभर जवळच भाड्याने खोली बघा सरळ.

पक्का_ठाणेकर

"गणपतीच्या आधी देतो" म्हणाला का? कुठल्या सालच्या ते पण विचारा 😂

जोक अपार्ट, तारीख ठरवताना कारागीर कुठले आहेत ते विचारा. फरशीवाले, सुतार बरेचसे यूपी-बिहार-राजस्थानचे, होळीला आणि दिवाळी-छठला गावी गेले की यायची तारीख ते पण सांगू शकत नाहीत. कोकणातला माणूस असेल तर गणपतीत साइट बंद. पेंटिंग पावसाळ्यात काढू नका, पुट्टी सुकत नाही आणि मग पोपडे येतात.

मी_पण_कॉन्ट्रॅक्टर

आता जरा आमची पण बाजू 🙂 नाशिकला हीच कामं करतो, त्यामुळे इथे कोणाचं काम मिळवायला आलेलो नाही.

९ लाख आणि १२.४० मध्ये कोण लुटतोय हे आकड्यावरून ठरत नाही. तुम्ही दुसऱ्याची एक्सेल घ्या आणि पहिल्यासमोर एकेक ओळ वाचा, "हे तुमच्यात आहे का?" तोडफोड, राडारोडा खाली उतरवून नेऊन टाकणं, माल तिसऱ्या मजल्यावर चढवायची मजुरी (लिफ्ट नाही म्हणालात, हा खर्च छोटा नसतो), वायर-पाइपसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून परत भरणं, जुन्या खिडक्यांचं काय, दारांच्या फ्रेम, कडप्पा की ग्रॅनाइट, नळ-कमोड कोण आणणार. माझा अंदाज आहे अर्ध्या ओळींना तो "ते एक्स्ट्रा" म्हणेल आणि ९ चे ११-१२ तुमच्या डोळ्यासमोर होतील. नाही म्हणाला, सगळं आहे म्हणाला, तर त्याच यादीवर त्याची सही घ्या, मग ९ लाखातच करून घ्या की!

मापांचं पण आधीच बोला, भांडणं तिथेच होतात. वॉर्डरोब आम्ही समोरून मोजतो, रुंदी गुणिले उंची, वरचा लॉफ्ट त्यात धरला की वेगळा ते विचारा. स्कर्टिंग रनिंग फुटावर असतं. पेंटर भिंतीचे स्क्वेअर फूट लावतो, त्यात दारं-खिडक्या वजा होणार का? लादी तुम्ही आणणार असाल तर दोन बाय चारच्या एका बॉक्समध्ये दोन नग, साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट, वर दहा टक्के जास्त घ्या आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे बघा, नंतर दोन बॉक्स कमी पडले की तोच शेड मिळत नाही.

४० टक्के उचल देऊ नका. हे मी स्वतः कॉन्ट्रॅक्टर असून सांगतोय. एवढी उचल लागते म्हणजे बहुतेक आधीच्या साइटची देणी तुमच्या पैशातून भागवायची असतात. दहा टक्क्यांवर काम सुरू होतं, पुढचे पैसे टप्प्यावर. तोडफोड आणि पाइप-वायरचं झालं की एक, पाण्याची टेस्ट पास झाली की एक, लादी, मग सुतारकाम, मग रंग. शेवटचे पाच ते दहा टक्के हातात ठेवा, महिनाभर वापरून मग द्या. जो याला तयार नाही त्याला नमस्कार करा. पण टप्पा झाला की त्याच दिवशी पैसे पण द्या हो, पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं की माझा फरशीवाला दुसऱ्या साइटवर निघून जातो, त्याला मी कुठून धरून आणू.

आणि साइटवर रोज कोण असणार ते नावानिशी विचारा. मोठ्या कंपन्यांमध्ये तुमच्याशी गोड बोलणारा डिझायनर वेगळा, काम करणारा पेटी (पोट) कॉन्ट्रॅक्टर वेगळा, थ्रीडी चित्र त्याने बघितलेलंही नसतं कधीकधी.

जाताजाता, काम चालू झाल्यावर "इथे एक पॉइंट वाढवा ना" हे तोंडी सांगू नका. व्हॉट्सअॅपवर लिहा, रेट विचारा, ओके लिहून पाठवा. एक्स्ट्राचा निम्मा राग तिथेच जिरतो.

सीए_मावशी

जीएसटीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. माल-मजुरीसकट अशा कामावर १८ टक्के लागतो, म्हणजे १२.४० वर सव्वादोन लाखांच्या आसपास, तो धरूनच तुलना करा. पण जीएसटी मागणाऱ्याचा नंबर पोर्टलवर टाकून चालू आहे का बघा. रजिस्टर्डच नसेल तर त्याला तो वसूल करायचा अधिकार नाही. उलट पहिला जर म्हणत असेल "बिल नको, जीएसटी वाचेल", तर उद्या वाद झाला की हातात काय राहणार? रेरा इथे लागू होत नाही, तो बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी आहे. ग्राहक आयोगात जाता येतं, तुमच्या रकमेला जिल्हा आयोगच पुरतो, पण तिथे सही केलेलं कोटेशन आणि बँकेतून दिलेले पैसे बोलतात. रोख शक्यतो नकोच.

कोथरूडची_पूर्वा

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी 🙏 भिंत मोजली. दारापाशी सव्वासहा इंच आहे, पण वर बीम आहे की नाही ते प्लास्टरमुळे कळत नाही, त्यामुळे इंजिनिअरला बोलावलंय. पहिल्यासमोर एक्सेल वाचली, राडारोडा, चढाई, खिडक्या आणि सगळं इलेक्ट्रिकल मटेरियल "एक्स्ट्रा" निघालं!! सासरे गप्प बसले 😀 दुसऱ्याला त्याची दोन-तीन वर्षांपूर्वीची कामं दाखवायला सांगितलीत. वायरिंगचं काय लिहून घेऊ ते कोणी सांगेल का? त्याने नुसतं "कन्सिल्ड वायरिंग, पॉइंटप्रमाणे" लिहिलंय.

सिव्हिल_काका

जुनी कामं बघायची ती पावसाळे काढलेलीच बघा, हे छान केलंत. तिथल्या बाईंना एकटं गाठून विचारा की काम संपल्यावर बोलावलं तर आला होता का. नवी साइट सगळ्यांचीच चकाचक असते.

वायरिंगला, लाइट-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम जाडीची वायर, किचनच्या पॉवर सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला ४ आणि प्रत्येकाची लाइन थेट बोर्डापासून वेगळी. वायर एफआर (सहज पेट न घेणारी) किंवा एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी), कॉपर, ब्रँड लिहून. प्रत्येक पॉइंटला हिरवी अर्थिंगची वायर, ८८ च्या घरात ती बहुधा नसेलच. एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसायला लागला की वीज तोडणारा स्विच), घरात वडीलधारी आहेत, यात काटकसर नको. एसी वाढवणार असाल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप उघडून धरायची म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर वायर आणि पाइप आहे ते दिसतं. पुढे फ्रेम लावायला खिळा ठोकताना कामाला येतो.

मी_पण_कॉन्ट्रॅक्टर

आणि तोडफोड सुरू करायच्या आदल्या दिवशी खालच्या काकूंच्या घरात जाऊन त्यांच्या सीलिंगचे, भिंतींचे, असलेल्या तड्यांचे फोटो काढा, त्यांच्यासमोरच, आणि त्यांना पण पाठवून ठेवा. शेजारच्यांकडे पण. तोडफोडीचं ब्रेकर मशीन चालू झालं की जन्मात न दिसलेला तडा लोकांना त्याच दिवशी दिसतो.

डोंबिवलीची_मनी

+१ आणि जाताना काकूंसाठी काहीतरी गोड घेऊन जा, पाण्याच्या टेस्टला तीन दिवस त्यांच्याच घरी येरझाऱ्या घालायच्यात 😄