सख्ख्या भावाचं रक्त प्रत्येक वेळी सुरक्षित नसतं

वर एका ताईंनी लिहिलंय, केमो (कॅन्सरची औषधं) चालू असलेल्या आईला रक्त घरच्यांचंच द्या. ताई, माया कळते, पण थांबा. मी नाशिकला रक्तपेढीत काम करते, हा हट्ट रोज ऐकते. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी परक्या वाटत नाहीत. शरीर त्यांना मारत नाही, त्या रुजतात आणि त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जेवर उलटतात. आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, जुलाब. त्यातून फार थोडे वाचतात. म्हणून रक्ताची पिशवी आधी इरॅडिएट करून घ्यायची, म्हणजे तिच्यावर किरणांचा मारा करायचा, साधारण २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक). पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या नुसत्या फिल्टरवर भागत नाही. डॉक्टरांना नक्की विचारा.

वयस्कर, हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना धोका वेगळा: रक्त भराभर चढवलं तर फुप्फुसात पाणी भरणं. सिन्नरच्या एका आजोबांचा नातू शेवटची एसटी गाठायची म्हणून रक्त लवकर संपावं म्हणून नळीवरचं चाक मोकळं करत होता. सिस्टरने धावत येऊन हात धरला. एका वेळी एकच पिशवी, सावकाश, पण ४ तासांच्या आत. पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलू नका. थंडी, कंबरदुखी, धाप दिसली की लगेच सिस्टरना हाक मारा.