प्रकल्पातलं 'चुकलेलं' रीडिंग खोडायचं का?

आठवीची_आई: राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या जिल्हा फेरीसाठी लेकीने मैत्रिणीबरोबर प्रकल्प केलाय. शेवग्याच्या बियांच्या पुडीने ओढ्याचं गढूळ पाणी किती निवळतं? पाच बाटल्या, पुडीची पाच मापं, बाटलीमागे वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचता येतात का बघायचं. चौथ्या बाटलीपर्यंत पाणी निवळत गेलं. पाचवीत सगळ्यात जास्त पूड, आणि पाणी परत गढूळ! तीनदा केलं, तेच. सर म्हणाले, "पाचवी काढून टाका, परीक्षक घोळात घेतील." नोंदवहीचं पानही नव्याने लिहायला लावलं. लिहिता लिहिता लेक थांबली. "आई, पण तसं झालं होतं ना." मला हे अजिबात पटलेलं नाही.

खडू_फळा: मी सरांच्या बाजूने. बारा वर्षं जिल्हा परिषद शाळेची मुलं नेतोय. शेजारी शहरातल्या शाळेचा चकचकीत फ्लेक्स, घडाघडा बोलणारी मुलं. आमचं पोर एका प्रश्नाला अडखळलं की चेहरा उतरतो, मग येत असलेलंही सांगत नाही. जे समजावता येत नाही ते पोस्टरवर कशाला? नोंदवही बदलायला नको होती, तेवढं मात्र खरं.

पाणीवाली: सर, मी जलशुद्धीकरण केंद्रात काम करते. पाचवी बाटलीच या प्रकल्पाचा जीव आहे! मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. शेवग्याच्या बीतली धनभारित प्रथिनं त्यांना एकत्र आणतात आणि गाळ बसतो. पूड फार झाली तर कणांवरच धनभार चढतो आणि ते पुन्हा दूर पळतात. तुरटीचं माप चुकू नये म्हणून आम्ही ओळीने सहा पात्रं मांडून हेच तपासतो, त्याला जार टेस्ट म्हणतात.

खडू_फळा: हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण आमच्या गावात हे सांगणारं कोण? आणि आता ताईंनी हे उत्तर पाठ करून घेतलं, तर तो प्रकल्प मुलींचा कुठे राहिला? १९९३ पासून ही परिषद १० ते १७ वयाच्या मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न स्वतः शोधायला सांगते. आपण मोठ्यांनी उत्तर हातात ठेवणं हीसुद्धा खाडाखोडच.

पाणीवाली: परीक्षकाने विचारलं तर "का ते माहीत नाही, पण तीनदा झालं" म्हणू द्या की. मी परीक्षक असते तर याच उत्तराला जास्त गुण दिले असते.

खडू_फळा: तुम्ही दिले असते. सगळे देत नाहीत, मी पाहिलंय.

आठवीची_आई: उत्तर अजून सांगितलेलं नाही. फक्त विचारलं, चौथ्या आणि पाचव्या बाटलीच्या मधलं माप घेतलं तर? दोघी सकाळीच ओढ्यावर गेल्यात. जुनं पान तिने फाडलं नव्हतं, दप्तरात घडी घालून ठेवलं होतं. ते आता नोंदवहीत परत चिकटवलंय. सरांशी मी उद्या बोलते.