मंगळवारचा आयटम: फेडरल लॉबिस्ट ठेवायचा की बदलायचा

प्रेषक: मिलिंद
मंडळी, सिटी कौन्सिलच्या मंगळवारच्या सभेचा अजेंडा लागलाय. फेडरल लॉबिस्टचा, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये आपल्या शहराची बाजू मांडून फेडरल पैसे मागणाऱ्या फर्मचा, करार कन्सेंट कॅलेंडरवर टाकलाय, म्हणजे चर्चेविना बाकीच्या आयटमांबरोबर एका मतात पास. स्टाफ म्हणतोय, 31 डिसेंबरला करार संपू द्या, मग नवी फर्म शोधू. आयटम वेगळा काढायचा तर सोमवारी कुणा कौन्सिल मेंबरला गाठावं लागेल. आपल्या हॉलच्या छताचा अर्ज याच फर्मकडे आहे. मंडळाचं पत्र कोण लिहितंय?

प्रेषक: वसुधा
मिलिंद, पत्राआधी तारखा बघ. आरएफपी (फर्मांकडून प्रस्ताव मागवणं), मुलाखती, कौन्सिलची मंजुरी होईतो मार्च उजाडतो. साधारण त्याच सुमारास हाउसच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) सदस्यांच्या ऑफिसांत प्रकल्पांचे अर्ज घेणं बंद होतं. पडिला आणि शिफ या आपल्या कॅलिफोर्नियाच्या सिनेटरांकडे परत वेगळे फॉर्म. इंजिनियरचा खर्चाचा अंदाज, पाठिंब्याची पत्रं, आणि प्रकल्प फेडरल बजेटच्या कोणत्या खात्यात बसतो हे जानेवारीतच पक्कं हवं. खातं चुकलं तर चांगला प्रकल्पही उपसमितीत बाद होतो. म्हणून मागणी एकच ठेवा: 30 जूनपर्यंत महिन्या-महिन्याची मुदतवाढ, 30 दिवसांच्या नोटिशीवर रद्द करता येईल अशी. आरएफपी मात्र आत्ताच निघू दे.

प्रेषक: श्रीकांत
वसुधाताई, मुदतवाढ मान्य, पण फुकट नको. 2025 च्या बजेटात काही आलं नाही म्हणून फर्मला दोष देणं चूक आहे. मार्च 2025 मध्ये वर्षभराचा कंटिन्युइंग रेझोल्यूशन (नव्या बजेटाऐवजी जुनाच खर्च पुढे चालवणारा कायदा) झाला आणि देशभरातले सगळे इअरमार्क, म्हणजे सदस्यांनी सुचवलेल्या ठरावीक प्रकल्पांचे पैसे, गेले. माझा आक्षेप वेगळा आहे. 2024 आणि 2025 साठी हाउसच्या प्रत्येक सदस्याला 15 च प्रकल्प सुचवता येत होते. एकाच मतदारसंघातली दोन-तीन शहरं एकाच फर्मची गिऱ्हाइकं असतील, तर त्या 15 जागांसाठी ती फर्म नेमकी कुणाची बाजू घेणार? गिऱ्हाइकांची यादी आणि हितसंबंधांची अट करारात लेखी हवी.
शिवाय एलडी-2, म्हणजे लॉबिस्ट फर्मने आपल्या कामाबद्दल संसदेला द्यायचे अहवाल, वाचा. दर तिमाहीला निघतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या 20 तारखेपर्यंत, आणि सगळ्यांना खुले असतात. त्यात मुद्दा, विधेयक आणि कोणत्या एजन्सीशी संपर्क केला ते दिसतं. चारही तिमाहींत तेच वाक्य चिकटवलेलं असेल तर कौन्सिलने जाब विचारावा.

प्रेषक: सुनंदा (सचिव)
मंडळाच्या लेटरहेडवर काहीही जायचं असेल तर आधी कार्यकारिणीत येऊ दे. आपण 501(सी)(3), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, आहोत. थोडं लॉबिइंग चालतं, उमेदवाराचा प्रचार अजिबात नाही. पत्रात कुणा कौन्सिल मेंबरच्या निवडणुकीचा उल्लेख आला तर मी सही करणार नाही. त्यापेक्षा रहिवासी म्हणून बोला.

प्रेषक: अविनाश
सुनंदाताईंचं बरोबर आहे. पण छताचं काय? हडचे (फेडरल गृहनिर्माण व शहरविकास खात्याचे) पैसे मंजूर झाले आणि पर्यावरण तपासणी होऊन हडची परवानगी यायच्या आत सिटीने कंत्राट दिलं, तर ते पैसे धोक्यात येतात. लॉबिस्ट कोणीही असो, हे सिटीच्या पब्लिक वर्क्सच्या (बांधकाम विभागाच्या) लोकांना सांगून ठेवा. अनुदान मोठं असेल तर लोखंड-पोलादही अमेरिकेत बनलेलं लागतं, ते टेंडरमध्येच लिहावं लागतं. गणपतीच्या बुकिंगआधी छत होईल हे मनातून काढा.

प्रेषक: वसुधा
अविनाश, गणपतीचा विषय वेगळ्या मेलमध्ये घे. आणि लॉबिस्टची फी फेडरल अनुदानातून देता येत नाही, शहराच्या स्वतःच्या पैशातून द्यावी लागते. "अनुदान आलं की त्यातून देऊ" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा.

प्रेषक: मिलिंद
ठरलं, पत्र नाही. आयटम वेगळा काढायची विनंती वसुधाताई सोमवारी सकाळी करतील. मंगळवारी मी मुदतवाढीवर बोलतो, श्रीकांतराव गिऱ्हाइकांची यादी आणि एलडी-2 वर. आयटम पुकारण्याआधी स्पीकर कार्ड (बोलायचं आहे अशी नोंद) द्या. प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर मेयर कमीही करतात, म्हणून मुख्य मागणी पहिल्या वाक्यात. अविनाश, तू पब्लिक वर्क्सला मेल कर, मला सीसी ठेव.