ढगाळ हवेत लक्स मीटरचं कुठलं रीडिंग धरायचं? (लीड, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्याच्या नव्या ऑफिसचं काम संपत आलंय. मालकांना लीड व्ही४ चं (पर्यावरणपूरक इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीचं) सर्टिफिकेशन हवंय आणि नैसर्गिक उजेडाचे गुण सॉफ्टवेअरवर न काढता लक्स मीटरने, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राने, प्रत्यक्ष मोजून घ्यायचं ठरलंय. ती मोजणी माझ्याकडे आहे.

नियम वाचलेत. सकाळी ९ ते दुपारी ३ मध्ये, टेबलाच्या उंचीवर, मोठ्या खोलीत जास्तीत जास्त ३ मीटरच्या चौकटीत रीडिंग घ्यायचं आणि किमान ७५ टक्के जागा ३०० ते ३००० लक्समध्ये (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं एकक) बसली पाहिजे. पहिली मोजणी जुलैत केली तर दुसरी नोव्हेंबर ते मार्चमध्ये. इथवर ठीक आहे.

घोडं अडलंय ते आभाळापाशी. खिडकीपासून सहा मीटर आत अकाउंट्सची रांग आहे. तिथे टेबलावर सेन्सर ठेवून मी वायरभर लांब उभा राहतो, म्हणजे अंगाची सावली पडत नाही. दाट ढग असला की १८०, तो विरळ झाला की मिनिटभरात ३४०. एकच जागा एकदा नापास, एकदा पास! मग लिहायचं काय? थोडा वेळ थांबून सरासरी घेतलेली चालते का? गच्चीवर दुसरा मीटर ठेवून बाहेरचा उजेडही त्याच वेळी नोंदवावा असं मनात आहे. कुणी तसं केलंय का?

दुसरं, उत्तरेच्या खिडक्या. उत्तरेला ऊन येत नाही असं धरून तिकडे छज्जे तोकडे ठेवलेत. पण कोल्हापूर पावणेसतरा अंशांवर, म्हणजे मेच्या सुमारापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळी उघडीप मिळाली की खिडकीलगतच्या टेबलांवर तिरकं ऊन येतं आणि आकडा ३००० च्या पार जातो. आता काचेला फिल्म लावली तर आतल्या रांगेचा उजेड आणखी घटेल. छज्जा वाढवावा, की आत उजेड परतवणारी आडवी फळी बसवावी?

फर्निचर जागेवर असताना मोजायचं असतं, आणि उंच कपाटं अजून यायची आहेत. कन्सल्टंट म्हणतात, आत्ताच उरकून टाका. मला ते पटत नाही. त्या रांगेतली माणसं पुढची कित्येक वर्षं तिथेच बसणार आहेत, त्यांना खरोखर उजेड मिळायला हवा. कपाटं आल्यावर मोजूया, हे मालकांना पटवायला काय सांगू?

आणि कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात लक्स मीटर कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट देणारी लॅब माहीत असेल तर जरूर कळवा.