डिस्करेज, डिस्युएड, डिटर: तुमचं वाक्य कुठं अडतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या मंडळींसाठी हा धागा. घरी मराठी, कचेरीत कन्नड, नोकरीचा अर्ज इंग्रजीत, ही आपली तऱ्हा. त्यात कुणाला परावृत्त केलं हे इंग्रजीत लिहायचं म्हटलं की गाडी अडते. आपापले अनुभव टाका, उदाहरणासकट.

खानापूर, हायस्कूल शिक्षिका
दहावीच्या वह्यांत ठरलेलं वाक्य: 'माय अंकल डिस्करेज्ड मी टू जॉइन द आर्मी.' दोष एन्करेजचा. त्याच्यापुढं 'टू जॉइन' चालतं, म्हणून पोरं इथंही तेच चिकटवतात. मी फळ्यावर सरळ मराठी लिहिते, 'भरती होण्यापासून परावृत्त केलं', आणि 'पासून'खाली रेघ मारते. खाली 'फ्रॉम', मग 'जॉइनिंग'. निम्मा वर्ग तिथंच 'हां बाई' म्हणतो.

टिळकवाडी, शिकवणी घेतो
माझ्याकडं कन्नड घरातली मुलंही येतात. त्यांचं ठरलेलं: 'डिस्करेज्ड मी नॉट टू गो.' कन्नडमध्ये 'होगदंते तडेदरु', म्हणजे नकार 'जाणे'लाच जोडलेला. आपलं 'जाऊ नको म्हणून सांगितलं' तरी काय वेगळं? इंग्रजीत नकार डिस्करेजच्या पोटातच असतो, वर 'नॉट' कशाला?

निपाणी
आमच्या तंबाखूच्या गावात व्यसनमुक्तीचे अहवाल लिहिणं माझ्याकडं असतं. 'वी डिस्करेज टोबॅको चुइंग' चालतं. 'वी डिस्युएड टोबॅको चुइंग' नाही चालत, कारण डिस्युएड माणसाला करायचं असतं, सवयीला नव्हे: 'डिस्युएड वर्कर्स फ्रॉम चुइंग'. दंडाच्या धाकानं कुणी थांबला तर डिटर. त्याच्या भूतकाळात आर दोनदा, हे टंकताना बघा.

चिक्कोडी, सध्या बंगळूर
आई नको नको म्हणत होती, तरी मी इकडं आले. हे 'माय मदर डिस्युएडेड मी' असं लिहिलं, तर ऐकणारा समजणार की मी घरीच राहिले. डिस्युएडमध्ये समजूत पटलेली असते. म्हणून 'ट्राइड टू डिस्युएड मी'. डिस्करेजला तशी अट नाही, नाउमेद करूनही माणूस जातोच की.

शहापूर
आमच्या ऑफिसात सगळ्याला एकच, 'डिमोटिव्हेट'. 'ही डिमोटिव्हेटेड मी फ्रॉम अप्लायिंग' असले मेल रोज येतात. मला तरी ते खटकतं. उत्साह घालवला एवढंच सांगायचं असेल तर 'ही डिमोटिव्हेटेड मी' पुरे. अर्ज करण्यापासून परावृत्त केलं असेल तर डिस्करेज आहेच.