‘मंडळी’ की ‘चर्च’?

शाहूपुरीची लेक : नमस्कार. आमच्या ख्रिस्ती उपासकांच्या स्मरणिकेसाठी जुना इंग्रजी मजकूर मराठीत आणतेय. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या, पुढे 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं हे काम हाती घेतलं, इथवर सगळं सुरळीत. अडलं पुढच्याच वाक्यात. ‘कोल्हापूरची मंडळी हळूहळू वाढली’ असं मी लिहिलं. मंडळी म्हणजे आमच्यात एकत्र उपासना करणारी माणसं. मुद्रितं तपासणारे गृहस्थ ख्रिस्ती नाहीत. त्यांनी ‘मंडळी’ खोडून ‘चर्च’ केलं. म्हणे, वाचणाऱ्याला वाटेल गावाची वस्ती वाढली. पण ‘चर्च वाढलं’ म्हटलं की मला नुसतं बांधकाम दिसतं. काय ठेवू?

उत्तरेश्वरकर : ताई, चर्चच ठेवा. आमच्याकडं ‘मंडळी’ म्हणजे बायको, न्हाईतर जेवायला बसलेली पंगत. वायल्डर चर्च कुठं विचारलं तर रिक्षावाला नेऊन सोडतोय. वायल्डर मंडळी म्हणून बघा.

मिरजवाला : रिक्षावाल्याला इमारत विचारतात हो, माणसं नाही. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, घरात हा फरक रोजचा होता: चर्चला रंग द्यायचा आणि मंडळीला निरोप द्यायचा. मराठी बायबलात मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ असं आहे. अनेकवचन ‘मंडळ्या’. प्रकटीकरणात आशियातल्या सात मंडळ्या आहेत. हे अनेकवचन आमच्याबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलंय? शंभर-दीडशे वर्षं वापरून लोकांनी या शब्दाला स्वतःचं व्याकरण दिलंय. ते खोडायचा अधिकार मुद्रितशोधकाला नाही.

वसईचा पाव : आमच्या कॅथलिक मराठीत ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, वास्तूला ‘इगर्ज’. पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला.

शब्दवेल्हाळ : इगर्ज, पाद्री, सगळे परके. आपल्याकडे ‘प्रार्थनामंदिर’ असताना हे कशाला? तसं ‘पाद्री’ मूळचा संस्कृत असावा, ‘पाद’ म्हणजे पाय, ज्याच्या पाया पडतात तो.

वसईचा पाव : नाही हो. पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप. चावी आणि बटाटा ज्या गलबतांतून आले त्यांतूनच आला, नाताळही. आणि परकं म्हणताय तर उलटंही बघा. फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटलंय. इंग्रज पाद्र्यानं आपला शब्द घेतलेला चालतो, मग आपण त्यांचा घेतलेला का खुपतो?

शब्दवेल्हाळ : मुद्दा मान्य, तरी प्रार्थनामंदिर गोड आहे. बाकी तेव्हा कोल्हापूर संस्थानात बाटलेले लोक किती असतील, यावर काही मिळतं का?

मिरजवाला : ‘बाटलेले’ हा शब्द इथं लिहू नका, ही विनंती. बाटतं काय? सोवळं बाटतं, पाण्याचा हंडा बाटतो. ज्यांच्या सावलीनं विहीर बाटते असं गाव म्हणत होतं, त्यांच्यातलीच कितीतरी माणसं मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवायला गेली. गावानं त्यांनाच म्हणायचं, तुम्ही बाटलात! ज्याला आधीच अशुद्ध ठरवलंय तो आणखी कशानं अशुद्ध होणार?

शब्दवेल्हाळ : माझा हेतू तसा नव्हता. पण जुन्या कागदांत तोच शब्द आहे. कागद बदलायचे का?

मिरजवाला : कागदातला कागदात राहू दे, अवतरणात. आपलं वाक्य आपण लिहितोय.

उत्तरेश्वरकर : हे बरोबर वाटतंय. आमची आज्जी शेजारणीबद्दल ‘ती बाटली’ म्हणायची आणि तिच्याच घरची करंजी खायची. पण ‘धर्मांतरित’ लई कोर्टातला वाटतो. मग काय म्हणायचं?

शाहूपुरीची लेक : घरात आम्ही ‘ख्रिस्ती झाले’ किंवा ‘विश्वासात आले’ म्हणतो. दुसऱ्यात माणूस स्वतः चालत येतो, म्हणून मला तो प्रिय आहे.

वसईचा पाव : आमच्याकडे ‘विश्वासात आले’ म्हटलं तर लोक विचारतील, कोणत्या नव्या पंथात गेलात? आमचे वाडवडील पोर्तुगीज काळापासूनचे. त्यांतले सगळे स्वतः चालत आले असंही मी म्हणणार नाही. सत्तेचा दाब होताच. एकच क्रियापद सगळ्यांना कसं पुरेल?

मिरजवाला : आणि कवी ना. वा. टिळक? 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा समुदाय काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या दोघांसाठी. चर्च नाही, मंडळी नाही, सभा नाही. दरबार! मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

शब्दवेल्हाळ : दरबार फारसी आहे.

उत्तरेश्वरकर : मग संस्थानच्या कोल्हापुरात आम्ही इतकी वर्षं काय बोलत होतो?

शाहूपुरीची लेक : दरबार राहू दे, मुद्रितं परत द्यायची आहेत. मंडळी की चर्च?

वसईचा पाव : पहिल्यांदा येईल तिथं ‘ख्रिस्ती मंडळी’ लिहा, पुढे नुसतं मंडळी.

मिरजवाला : ‘ख्रिस्ती’ जोडलं की आपल्याच स्मरणिकेत आपण पाहुणे झालो. नको.

उत्तरेश्वरकर : एक विचारू? तुमच्यात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात, ते कुठनं आलं?