चिक चॉकलेट: 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' हा गौरव की अन्याय?

रानवारा:
'आखरी खत' (१९६६) मधलं 'रुत जवाँ जवाँ' काल पुन्हा पाहिलं. भूपिंदर गातोय आणि पडद्यावर ट्रम्पेट वाजवतायत चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणा. १९६७ मध्ये गेले. मुंबईच्या ताजमध्ये त्यांचा बँड गाजला, संगीतकार सी. रामचंद्रांना त्यांनी साथ दिली, आणि आपण लक्षात काय ठेवलं? अमेरिकेतल्या जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगवरून पडलेलं 'भारताचा आर्मस्ट्राँग' हे बिरुद. एवढ्या मोठ्या वादकाला आपण दुसऱ्याची सावली करून टाकलं. मला हा अन्याय वाटतो.

म्हापशेकर:
साफ असहमत. आर्मस्ट्राँगचा तो घोगरा आवाज, हातातला रुमाल, हे सगळं त्यांनी स्वतः आवडीने उचललं होतं. किराणा घराण्याच्या गवयाच्या गळ्यात अब्दुल करीम खाँसाहेब दिसले तर आपण मान डोलावतो, नक्कल म्हणत नाही. खुद्द आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला गेला तो किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) वाजवायला. जुन्या जॅझमध्ये अशीच तालीम होते.

सुनंदा_पुणे:
घराण्याची उपमा पटली नाही. ऑलिव्हर आर्मस्ट्राँगच्या शेजारी उभा होता, चूक झाली तर तिथल्या तिथे कळत होती. चिकसारखं सातासमुद्रापलीकडच्या तबकड्या ऐकून ते अंगात भिनवायचं म्हणजे कान किती तयार हवा! ही मेहनत 'भारताचा अमुक' म्हटलं की दिसेनाशी होते.

रानवारा:
अगदी हेच. आणि श्रेयाचं काय? गोव्यातल्या पोरांना चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकायला मिळे. पुढे हिंदी सिनेमात संगीतकार चाल गुणगुणून दाखवायचा आणि गोवेकर अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद लिहून काढायचा. पाटीवर नाव मात्र एकट्या संगीतकाराचं.

जुना_रेडिओ:
थांबा, यात अण्णांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, कमी लेखू नका. 'अलबेला'च्या (१९५१) चाली त्यांच्याच, आणि 'शोला जो भडके' गायलेही तेच, चितळकर या नावाने. नगर जिल्ह्यातून आलेल्या माणसाने बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट हिंदी गाण्यात असे रुजवले, ही दृष्टी त्यांची होती.

रानवारा:
चाल अण्णांचीच, कोण नाही म्हणतंय? पण त्या गाण्यातली फुंकवाद्यं वगळून चाल गुणगुणून बघा. पाय थिरकत नाहीत. 'अलबेला'तल्याच 'दीवाना ये परवाना'मध्ये तर चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरच आहे, म्हणजे अण्णांनाही ते लपवायचे नव्हते. लपवलं ते पाटी रंगवणाऱ्यांनी आणि नंतर आपण.

म्हापशेकर:
श्रेयाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. बिरुदाचं नाही. ते त्यांनी अभिमानाने मिरवलं. हळदोण्याच्या माणसाने आर्मस्ट्राँगच्या न्यू ऑर्लिन्सचा सूर आपला म्हटला, तर तो काढून घ्यायला मी तयार नाही.

सुनंदा_पुणे:
काढून घेऊ नका, पण आधी वाझ म्हणा, मग आर्मस्ट्राँग.